न्याय्य ऊर्जा संक्रमण आणि उद्योगांचा लोकसंवाद (गोवा)

कोळशावरून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना ज्यांची रोजीरोटी, जमीन किंवा पाणी पणाला लागते, त्यांच्याशी कंपन्यांनी निर्णयाआधी बोलणे आणि त्या बोलण्यानुसार निर्णय बदलणे म्हणजे हा लोकसंवाद. पॅरिस करारात (२०१५) कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. दक्षिण आफ्रिकेला २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत त्यासाठी श्रीमंत देशांकडून ८.५ अब्ज डॉलरचे आश्वासन मिळाले. भारतात सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला असून हितसंबंधी कोण, त्यांच्याशी कसे बोलणे झाले, हे त्यात लिहावे लागते.

गोव्याला औष्णिक वीज कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या केंद्रांतून मिळते. कोळसा मात्र मुरगाव बंदरात उतरतो आणि रेल्वेने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. त्याची काळी धूळ वास्कोत खिडकीच्या गजांवर बोट फिरवले तरी हाताला लागते. बंदरविस्ताराच्या २०१७ च्या जनसुनावणीत लोक दिवसेंदिवस बोलत राहिले. पुढे ‘गोंयांत कोळसो नाका’ ही घोषणा गावोगाव पोचली आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

जनसुनावणीची सक्ती २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतून येते. वीजवाहिन्या आणि सौर प्रकल्प तिच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे जी कामे संक्रमणाच्या नावाने होतात, त्यांनाच लोकांसमोर जाण्याचे बंधन नाही, ही गंभीर उणीव आहे. गोव्यात बाहेरून वीज आणणाऱ्या तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही वाहिनी मोलेच्या जंगलातून आखली गेली आणि मोलेजवळच्या सांगोड गावात उपकेंद्र ठरले. नवी वाट तोडण्याऐवजी जुन्या वाहिनीच्या मार्गानेच ती न्यावी, असे न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये सुचवले. हा पर्याय आखणीच्या वेळीच गावांसमोर ठेवायला हवा होता.

संक्रमणात कोण गळते, हे गोव्याने लोहखनिजाच्या खाणबंदीत पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कंपन्यांच्या कामगारांची निदान हजेरीपटावर नावे तरी होती. डिचोली, सांगे भागातले ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले कुणाच्याच हजेरीपटावर नव्हते. ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू, अशी कित्येक घरांची गत झाली. ‘खाण अवलंबित’ हा शब्द तेव्हापासून रोजच्या बातम्यांत रुळला. कोळसा हाताळणी कमी होईल तेव्हा बंदरातले कंत्राटी मजूर याच जागी असतील.

जमिनीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. गावची जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीच्या संस्थेची), कसणारा कूळ, तर खाजन म्हणजे खाडीकाठच्या शेतीतले बांध आणि मानशी (पाणी अडवणारी दारे) सांभाळणारा कुळांचा संघ. फक्त सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावरचे नाव पाहून बोलणी केली, तर खारे पाणी शेतात शिरू न देणारी माणसेच त्यातून वगळली जातात. वनहक्क कायदा (२००६) ग्रामसभेला अधिकार देतो. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, म्हणून सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत कंपनीने आधी ग्रामसभेपुढे यावे आणि मार्गाचे नकाशे कोकणी-मराठीत समजावून द्यावेत.