शेअरपॉइंट लिस्टमधील नोंदींत स्क्रिप्टने एकगठ्ठा बदल

शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टची संस्थांसाठीची साइट-सेवा) लिस्टमधल्या, म्हणजे तिथल्या तक्त्यातल्या, शेकडो-हजारो नोंदींचे ठरावीक कॉलम हाताने न बदलता स्क्रिप्टने बदलण्याची पद्धत. विभागाचे नाव बदलले किंवा नवा कॉलम जुन्या नोंदींत भरायचा असला की ती लागते. पन्नासेक नोंदी असतील तर लिस्टची ग्रिड मांडणी उघडून वरून खाली चिकटवणे पुरते. तिथे स्क्रिप्टचा खटाटोप नको.

शेअरपॉइंट ऑनलाइनवर या कामाला बहुधा पीएनपी पॉवरशेल हे मोड्यूल (पॉवरशेल या आज्ञा-भाषेतला तयार आज्ञांचा संच) वापरतात. त्याचे सामायिक लॉगिन अ‍ॅप 9 सप्टेंबर 2024 रोजी काढून टाकले गेले. तेव्हापासून संस्थेने एन्ट्रा आयडीमध्ये (मायक्रोसॉफ्टची लॉगिन-ओळख सांभाळणारी सेवा) स्वतःचे अ‍ॅप नोंदवून त्याचा क्लायंट आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, द्यावा लागतो. त्याआधीच्या बऱ्याच स्क्रिप्ट म्हणूनच जोडणीच्या ओळीवर अडतात. पुढच्या आज्ञा मोजक्या: गेट-पीएनपीलिस्टआयटम नोंदी आणते, सेट-पीएनपीलिस्टआयटम आयडीनुसार नवा मजकूर लिहिते.

सर्वाधिक चुका कॉलमच्या नावात होतात. स्क्रिप्टला पडद्यावरचे नाव चालत नाही, अंतर्गत नाव लागते. ते कॉलम तयार होताना ठरते आणि पुढे नाव बदलले तरी तेच राहते. मराठी नाव दिल्यास प्रत्येक अक्षर, काना किंवा वेलांटी यांच्या जागी सात खुणांचा कोड बसतो आणि 32 खुणांनंतर नाव कापले जाते. ‘जिल्हा’ एवढा शब्दसुद्धा पुरा मावत नाही. म्हणून कॉलम आधी छोट्या रोमन नावाने करावा, मग त्याचे मराठी नामकरण करावे.

व्यक्तीच्या कॉलममध्ये ईमेल द्यावा, लुकअपमध्ये (दुसऱ्या लिस्टमधून मूल्य घेणारा कॉलम) मूळ नोंदीचा आयडी. तारखेला विशेष जपावे लागते: ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठते, त्यामुळे भारतातली मध्यरात्र आदल्या दिवशीची 18:30 होते. साइटचा टाइमझोन भारताचा नसेल तर तारीख एक दिवस मागे दिसू शकते.

इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) नसलेल्या कॉलमवर गाळणी (फिल्टर) लावली आणि लिस्ट 5000 नोंदींपुढे गेलेली असली, तर क्वेरी नाकारली जाते. अशा वेळी 2000-2000च्या पानांनी सगळ्या नोंदी आणून गाळणी स्क्रिप्टमध्येच लावावी.

साध्या लेखनाने ‘बदल करणारा’ आणि ‘बदलाची वेळ’ दोन्ही पुसून स्क्रिप्ट चालवणाऱ्याचे नाव लागते, आवृत्त्या चालू असल्यास नवी आवृत्तीही वाढते. लेखापरीक्षणाला लागणाऱ्या लिस्टमध्ये ही मोठी हानी आहे. तिथे हे नाव-वेळ न बदलणारा ‘सिस्टमअपडेट’ हा लेखनप्रकार वापरावा. नोंद बदलताच चालणारे पॉवर ऑटोमेटचे फ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या) आधी बंद ठेवावेत, नाहीतर हजार नोंदींमागे हजार ईमेल सुटतात.

एकेक नोंद पाठवण्यापेक्षा न्यू-पीएनपीबॅचने गठ्ठा पाठवणे बरेच जलद. सर्व्हरने 429 (विनंत्या फार झाल्या) असे उत्तर दिले, तर त्या उत्तरातल्या रिट्राय-आफ्टरमध्ये सांगितलेले सेकंद थांबायचे. गठ्ठ्यातली एक नोंद फसली तरी बाकीच्या लिहिल्या जातात आणि सगळे एका फटक्यात मागे घेता येत नाही. त्यामुळे आयडी व जुना मजकूर आधी सीएसव्ही फाइलीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) उतरवावा आणि पहिला प्रयोग पाचच नोंदींवर करावा.