आटवण्यासाठी भरलेली तळी

2023 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने फिनिक्सच्या आसपास निव्वळ भूजलाच्या भरवशावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबवलं. याच फिनिक्सला लागून गिल्बर्ट नावाचं उपनगर आहे. 1980 मध्ये तिथे सहा हजार माणसंही नव्हती, 2020 च्या जनगणनेत अडीच लाखांवर निघाली. पाऊस वर्षाला जेमतेम वीस सेंटीमीटर. आणि या गावाने 1999 मध्ये 110 एकर जागा पाणथळ म्हणून राखली, सात तळ्यांसकट. ऐकणाऱ्याच्या मनात पहिलं हेच येतं की माणसांना पाणी पुरेना आणि इथे बदकांचे लाड चाललेत.

पण ही तळी पाणी साठवायला नाहीतच, आटवायला आहेत. त्यांत सोडतात ते गावाचं शुद्ध केलेलं सांडपाणी, आणि ते जमिनीत मुरून भूजलाला मिळावं हा मूळ उद्देश. उन्हाने सगळं उडून जाईल ही धास्तीही नको. भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण सेंटीमीटरभर पाण्याची वाफ होते; चांगल्या रेताड तळातून मात्र दिवसाला अर्धा मीटरही मुरू शकतं.

मुरू शकतं, पण मुरत राहत नाही. बारीक गाळ, शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत स्राव यांचा पातळ साका तळाशी बसतो आणि वाळूची तोंडं बुजवतो. उपाय सोपा: पाणी बंद करायचं आणि तळाला ऊन खाऊ द्यायचं. साका वाळतो, भेगाळतो, खपल्यांच्या कडा पापडासारख्या वर वळतात आणि खालची वाळू मोकळी होते. म्हणून तळी पाळीपाळीने भरतात आणि वाळवतात.

या पाळ्यांचा दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, आणि मला तोच जास्त आवडतो. शुद्धीकरणानंतरही पाण्यात थोडा नायट्रोजन उरतो, त्यातला काही अमोनियमच्या, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयुगाच्या रूपात. अमोनियमवर धन प्रभार, चिकणमातीच्या कणांवर ऋण. त्यामुळे तळं भरलेलं असताना अमोनियम मातीला चिकटून बसतो. तळं सुकलं की भेगांतून ऑक्सिजन शिरतो आणि एका गटाचे जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचं संयुग करतात. नायट्रेटवर ऋण प्रभार, ते मातीला धरून राहत नाही. पुढच्या भरणीच्या पाण्याबरोबर खाली निघतं. पण एव्हाना पाण्याखालच्या मातीतला ऑक्सिजन संपत आलेला असतो. मग दुसऱ्या गटाचे जिवाणू सेंद्रिय कार्बनवर जगताना श्वासासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. एकाच मातीत दोन उलट्या अभिक्रिया, आणि बटण कुठलं, तर पाणी कधी सोडायचं याचं वेळापत्रक! हर्मन बाऊअर या अभियंत्याने 1967 पासून फिनिक्सजवळ सॉल्ट नदीच्या पात्रात हेच ताडून पाहिलं होतं: किती दिवस भरायचं, किती दिवस वाळवायचं.

दुबेळक्याची काटकी धरून जमिनीखालचं पाणी सांगणारे पाणाडे अमेरिकेतही आहेत. खाली भूजलाचा सलग थर असला की काटकी कुठेही वाकली तरी पाणी लागतंच, त्यात काटकीचं कौतुक ते काय. काटकी फिरवून पाणी परत खाली घालणारा पाणाड्या मात्र अजून कुणाला भेटलेला नाही.

पक्ष्यांना हे वेळापत्रक चांगलंच फावलंय. हिवाळ्यात भरल्या तळ्यावर थापट्या बदकं फावड्यासारखी चोच पाण्यात धरून डोकं डावीउजवीकडे हलवत फिरतात. चोचीच्या कडांना शंभरावर बारीक दाते असतात, त्यांतून पाणी बाहेर आणि कीटक, बिया आत. पाणी घोट्याएवढं उतरलं की थापट्याचं तिथे काम राहत नाही. मग गुलाबी काड्यांसारख्या पायांवर काळ्या मानेचे शेकाटे येतात आणि उघड्या पडलेल्या चिखलातल्या अळ्या टिपतात. तेही उडाले की ओल्या गाळावर त्यांच्या तीन बोटांचे ठसे तेवढे उरतात, आणि पुढच्या उन्हात भेगा पडतात त्या त्यांच्यावरूनच.