ड्रिप, पण ठिबक नव्हे

मातीचं धरण पाझरतंच. ते किती पाझरतं आणि बाहेर येणारं पाणी कसं दिसतं, हे पाहायचं असतं.

पैठणच्या जायकवाडीचंच घ्या. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं हे धरण बहुतांशी मातीचा भराव आहे. अशा भरावात सहसा मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचं कवच आणि पाण्याकडच्या अंगाला लाटांचा मारा झेलणारं दगडी पिचिंग असतं. गाभ्यातूनही थोडं पाणी झिरपतं. ते वाळूच्या गाळणीतून पायथ्याच्या चरात उतरतं.

त्या चरात एक पत्रा आडवा बसवलेला असतो, व्ही अक्षरासारखी खाच पाडलेला. खाचेत पाणी पाच सेंटिमीटर चढलं, तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाझर. दहा सेंटिमीटरला मात्र दीड नव्हे, चार लिटरच्या वर! म्हणून बोटभर वाढही गांभीर्याने घ्यायची. आणि पाणी नितळ असेपर्यंत ठीक. गढूळ झालं, की भरावातली माती वाहू लागली म्हणायचं. मग पायथ्याकडून जलाशयाकडे नळीसारखी पोकळी पडत जाते. घुशींची बिळं आणि वाळलेल्या बाभळीची कुजकी मुळं तिला आयती वाट देतात.

याच्या दुरुस्तीला पैसा कुठला? 'ड्रिप' म्हटलं की आपल्याकडे ठिबकच आठवतं, पण धरण पुनर्वसन आणि सुधारणा प्रकल्पाचं लघुरूपही तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने त्याच्या पुढच्या दोन टप्प्यांना मंजुरी दिली: १९ राज्यं, ७३६ धरणं, १०,२११ कोटी रुपये, त्यातले ७,००० कोटी बाहेरचं कर्ज. सरळ भागाकार केला तर धरणामागे चौदा कोटींच्या आत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तर देखभालीचा निधी राखून ठेवणं आणि पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करणं धरणाच्या मालकावर बंधनकारकच केलं. मोठ्या धरणांचा मालक आपल्याकडे बहुतेक सरकारच.

माझं मत विचाराल, तर नव्या दरवाजांना पैसे मिळतात, ते दिसतात. चर साफ करायला, बाभळी मुळासकट काढायला मिळणं अवघड. आणि चरात गवत माजलं, की पाणी पत्र्याच्या पुढे, उताराच्या बाजूलाच तुंबतं, खाच बुडते आणि पाण्याची उंची मोजणाऱ्या पट्टीवरचा आकडा खोटा येतो.