बातमीतला फोटो खरा आहे, हे दाखवायचं कसं?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्थानकात ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबास्टियन डिसोझा यांनी अजमल कसाबचा फोटो टिपला. पुढे विशेष न्यायालयात त्यांची साक्ष झाली आणि तो फोटो पुराव्यात आला. ‘हा मी काढला’ असं शपथेवर सांगणारा माणूस त्या फोटोमागे उभा होता. वृत्तछायाचित्रणाचा डोलारा आजवर या शब्दावरच उभा राहिला आहे.

तो शब्द मोडला की किंमत मोठी असते. २००६मध्ये बैरूतच्या एका फोटोत धुराचे लोट क्लोन टूलने, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाने, वाढवलेले आढळले, तेव्हा रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. २०१४मध्ये सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातून सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसल्याबद्दल एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेने एका छायाचित्रकाराशी संबंध तोडले. घटनेचा अर्थ त्याने बदलला नव्हता, तरी हा निर्णय योग्यच होता. आज कोपरा पुसायला मुभा दिली, तर उद्या मधला माणूस पुसायला ‘नाही’ म्हणायचं कुठल्या आधारावर?

‘फोटोला हातच लावू नका’ असा नियम मात्र करता येत नाही, कारण हात न लावलेला डिजिटल फोटो अस्तित्वातच नसतो. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो: निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल, पाव निळा. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोतली दोनतृतीयांश रंगमूल्यं शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढलेली असतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, साधारणतः १४ बिटची असते, म्हणजे प्रत्येक बिंदूला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपीईजीत, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फोटो-फाइलीत, प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या उरतात. कुठल्या पायऱ्या ठेवायच्या हे कोणीतरी ठरवतंच, कॅमेरा किंवा माणूस. म्हणून वृत्तसंस्थांची रेषा वेगळ्या ठिकाणी आहे. कातरणं, उजेड-सावली मर्यादेत सावरणं, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं चालतं. चित्रात काही घालणं किंवा चित्रातून काही काढणं चालत नाही. एपीच्या नियमात तर फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे दुरुस्त करायलाही बंदी आहे. २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतल्या २० टक्के फोटोंना बाद करावं लागलं. मूळ फायली शेजारी ठेवल्या तेव्हाच बदल उघडे पडले.

मूळ फाइल हाती नसेल तर खुणा शोधाव्या लागतात. जेपीईजी चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून ते दाबतं. दुसरीकडून आणून चिकटवलेल्या भागाचे चौकोन बाकीच्या जाळीशी जुळत नाहीत. प्रत्येक सेन्सरच्या बिंदूंत सूक्ष्म असमानता असते आणि ती बोटाच्या ठशासारखी त्याच्या प्रत्येक फोटोत उतरते. पण फोटो एकदा व्हॉट्सॲपवरून फिरला की आकार घटतो, पुन्हा दाब बसतो आणि या खुणा पुसट होतात. पूर्ण कृत्रिम चित्रांचा दर्जा वाढतोय तसतसं केवळ खुणांवर विसंबणं धोक्याचं झालं आहे.

म्हणून आता उलट बाजूने काम चाललं आहे: खोटं शोधण्याऐवजी खऱ्यावर जन्मतःच शिक्का मारायचा. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१मध्ये स्थापन केलेल्या सीटूपीए गटाचं मानक असं चालतं. शटर दाबताच कॅमेरा फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो आणि एक बिंदू बदलला तरी सगळाच बदलतो. कॅमेऱ्यातल्या गुप्त किल्लीने, म्हणजे सांकेतिक आकड्याने, त्या हॅशवर डिजिटल सही होते. पुढे फोटो कातरला, उजळवला की नवी नोंद, नवी सही. २०२३ची लायका एम११-पी हा ही सोय अंगभूत असलेला पहिला कॅमेरा.

या सहीलाही फसवता येतं. २०२५मध्ये निकॉन झेड६-३च्या नव्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) मल्टिपल एक्स्पोजर, म्हणजे एकावर एक फोटो घेण्याची सोय, वापरून दुसरीकडच्या चित्रावर कॅमेऱ्याची सही मिळवता येते, असं उघड झालं. निकॉनला सहीची सेवा थांबवून त्यासाठी दिलेली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. शिवाय स्क्रीनवरच्या खोट्या चित्राचा फोटो काढला तर सही खरीच असते! यावर उपाय म्हणून सोनीने विषयाची खोली मोजून तो सपाट पडदा आहे की खरं दृश्य, हे नोंदवायला सुरुवात केली आहे.

असा कॅमेरा तालुक्याच्या वार्ताहराकडे इतक्यात येणार नाही. तरी त्याला बरंच करता येतं. रॉ आणि जेपीईजी दोन्ही साठवा. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा. दोन कॅमेऱ्यांत दहा मिनिटांचा फरक असला तर घटनाक्रमच उलटा होतो. कार्डावरचे आधीचे-नंतरचे फोटो जागेवर पुसू नका, कारण चौकशीत सलग मालिकाच उपयोगी पडते. घरी आल्यावर आधी कार्डाची प्रत, मग त्या प्रतीतल्या फायलींचे हॅश, आणि त्यानंतरच संपादन, तेही दुसऱ्या प्रतीवर. व्हॉट्सॲपशिवाय गत्यंतर नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. हॅशची सवय कोर्टातही कामी येईल: १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश द्यावा लागतो.

फोटोओळ खरी आहे का, हे मात्र कुठल्याच हॅशने तपासता येत नाही. २०१५च्याच वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेचं बक्षीस काढून घेतलं गेलं, कारण तिच्यातला एक फोटो प्रत्यक्षात ब्रसेल्समध्ये काढलेला होता. म्हणून ठिकाण, वेळ आणि माणसांची नावं वहीत जागेवरच टिपावीत, आणि वहीच्या त्या पानाचाही एक फोटो त्याच कार्डावर काढून ठेवावा.