हार्ट अटॅकनंतरची तीन वर्षं

अँजिओप्लास्टी करून माणूस घरी आला की घरातले सगळे त्याला जपायला लागतात. जिना चढू नका, पिशवी राहू दे, दूध आणायला मुलगा जाईल. यामागे निव्वळ माया असते, म्हणून तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण सुरुवातीचे जपण्याचे दिवस उलटून गेल्यावरही हा आराम चालूच राहिला, तर तो महागात पडतो.

किती महागात, हे १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे मोजलं गेलं. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. धावताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हा दमसासाचा खरा आकडा. तो एका चतुर्थांशाहून जास्त घसरला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयवाढीने दमसास जेवढा गेला, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांत गेला होता. मग सहा महिने बेताबेताने व्यायाम करून घेतला, तर वयामुळे गेलेला दमसास परत आला. तेव्हा हे पाचही जण पन्नाशीत होते.

हृदयरुग्णांसाठी हाच विचार नेमून दिलेल्या पद्धतीने राबवतात, त्याला कार्डियाक रिहॅब किंवा हृदय पुनर्वसन म्हणतात. पुनर्वसन म्हटलं की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. तिथे जसं नुसतं घर बांधून देऊन भागत नाही, गाव पुन्हा नांदतं व्हावं लागतं, तसंच इथेही आहे. अँजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटने, म्हणजे जाळीच्या बारीक नळीने, एक अडलेली जागा मोकळी होते. बाकीच्या रक्तवाहिन्या, बीपी, साखर, तंबाखू आणि मनात बसलेली भीती तशीच राहते. म्हणून रिहॅबमध्ये व्यायामाबरोबर आहार, औषधं, व्यसन आणि मन यांच्याकडेही पाहतात. रुग्ण ओपीडीत येतो, आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण बारा आठवडे.

सुरुवात बहुधा एका साध्या चाचणीने होते. तीस मीटरच्या सरळ व्हरांड्यात दोन टोकांना खुणा ठेवतात आणि रुग्णाला सहा मिनिटं चालायला सांगतात. दम लागला तर थांबायचं, पण घड्याळ चालूच. किती मीटर झाले ते लिहून ठेवतात. व्यायाम करताना फिजिओथेरपिस्ट मधूनमधून विचारतात, ‘सहा ते वीसमध्ये आत्ता किती कष्ट वाटतात?’ सहा म्हणजे काहीच कष्ट नाहीत, वीस म्हणजे जास्तीत जास्त. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ही मोजपट्टी बनवली. या रुग्णांना तिचा मोठा उपयोग होतो, कारण बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकरची गोळी चालू असते. ती नाडी फारशी वाढू देत नाही, त्यामुळे नुसत्या नाडीवरून कष्ट कळत नाहीत. रुग्णाच्या तोंडचा आकडाच भरवशाचा ठरतो.

आत काय घडतं? व्यायामाने ब्लॉकेज विरघळतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बदल वेगळ्या जागी होतो. रक्त जोरात वाहिलं की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर घर्षण होतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. आजारी अस्तराला हे नीट जमत नाही. नियमित व्यायामाने ते पुन्हा जमू लागतं. पायांचे स्नायूही आलेला ऑक्सिजन जास्त चांगला वापरतात. मग तोच जिना चढायला हृदयाला कमी ठोके पुरतात. मात्र यातलं काहीच साठवून ठेवता येत नाही. चालणं थांबलं की काही आठवड्यांतच ही कमाई ओसरायला लागते.

म्हणजे बारा आठवड्यांचा कोर्स संपला की काम संपलं, असं होत नाही. जगभरच्या ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र धरून २०२१ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा आला. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबने हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारे अटॅक आणि दवाखान्यात भरती होणं कमी होतं, असं त्यात दिसलं. उलट ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली आले, १,८१३ रुग्णांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. ही चाचणी सोयीस्करपणे विसरू नये. पण तिथल्यासारखा सहा-आठ आठवड्यांचा वर्ग वर्षानुवर्षं पुरेल, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

कोर्स संपल्यानंतरचा हाच प्रश्न इटलीतल्या ‘गॉस्पेल’ अभ्यासाने हातात घेतला. अटॅक येऊन गेलेल्या आणि नेहमीचं रिहॅब पूर्ण केलेल्या ३,२४१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीची देखरेख. दुसऱ्याला सहा महिने दर महिन्याला एक भेट आणि पुढे तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक. प्रत्येक भेटीत देखरेखीखाली व्यायाम, सवयींवर बोलणं, औषधांची उजळणी. छातीदुखीपासून बायपासपर्यंत सगळ्या घटना एकत्र मोजल्या तेव्हा दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. पण हृदयविकाराने मृत्यू, अटॅक आणि पक्षाघात एवढंच धरलं, तर प्रमाण ४.८ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आलं. जीव न घेणारे अटॅक तर जवळपास निम्म्यावर आले. एवढ्या थोड्या भेटींत एवढं पदरात पडत असेल, तर त्या आपल्याकडे नेहमीच्या फॉलोअपमध्ये का नसाव्यात, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भारतात ‘योगा-केअर’ नावाची मोठी चाचणी झाली: २४ केंद्रं, ३,९५९ रुग्ण, बारा आठवड्यांत १३ वर्ग. सायकल आणि ट्रेडमिलऐवजी योगासनं, प्राणायाम. मृत्यू आणि अटॅक यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण रुग्णांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. १० किंवा जास्त वर्गांना आलेल्यांचे निकाल अधिक चांगले होते. अर्थात जो मुळात बरा असतो तोच वर्गाला येऊ शकतो, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचायला हवा.

घरात हार्टचा पेशंट असेल तर पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना विचारा: रिहॅबची चिठ्ठी मिळेल का, स्ट्रेस टेस्ट केव्हा करायची, किती चालायचं आणि किती वेगाने. छातीत दाब आला, भोवळ आली किंवा दम आवरेना झाला तर लगेच थांबायचं आणि कळवायचं, हेही तिथेच समजून घ्या. सहा मिनिटांत किती मीटर झाले तो आकडा फाईलमध्ये टूडी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टशेजारी लिहून मागा. सहा महिन्यांनी त्याच व्हरांड्यात चालून त्याच्याखाली दुसरा आकडा लिहिता येईल.