भाजलेले ब्रिकेट म्हणजे काय, आणि तुमच्या भट्टीला चालतील का

नमस्कार मंडळी. इंदूरला सांवेर रोडच्या आमच्या युनिटवर रोज कोणी ना कोणी येतं, काळा ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेला जळणाचा ठोकळा, हातात घेऊन विचारतं की हा कोळसाच आहे ना? नाही, हा खाणीतला कोळसा नाही, हे आपल्या माळव्यातलं सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला काडीकचरा) आहे, थोडी निमाडातली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आहे आणि मिळतील तेव्हा शेंगांची टरफलं. फक्त ते भाजलेलं आहे. दरवेळी सगळं तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून हे लिहून काढलं, ऑर्डर द्यायच्या आधी एकदा वाचून घ्या.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे, देवगुराडियाला महापालिकेचा प्लांट आहे तसंच का तुमचं? तसं नाही. तिथे 2022 पासून शहराचा ओला कचरा, दिवसाला 550 टनाच्या हिशोबाने, बंद टाक्यांमध्ये कुजवतात, ते काम जिवाणू करतात आणि त्यातून बायो-सीएनजी निघतो. भाजीची देठं, शिळं अन्न याला तोच रस्ता बरोबर आहे, कारण त्यात पाणीच जास्त. पण कुटार, पऱ्हाटी, तुराट्या हा सुका आणि लाकडासारखा माल, तो तसा सहजी कुजत नाही, त्याला उष्णताच लागते. म्हणून आपलं काम विस्तवाचं.

भाजणं म्हणजे काय ते घरातल्या कुणालाही विचारा. शेंगदाणे कच्चे असताना साल निघत नाही, खमंग भाजले की तळहातावर चोळलं तरी फोलपट उडतं आणि दाणा खटकन फुटतो. थालीपीठाची भाजणी नीट झाली नसेल तर दळताना चिकटते आणि टिकतही नाही. इथेही तसंच आहे. कुटार आधी वाळवतो, मग बंद ड्रममध्ये, जिथे बाहेरची हवा जाऊ देत नाही, 270 डिग्रीच्या आसपास अर्धा-पाऊण तास फिरवतो. हवा नसल्यामुळे ते पेटत नाही, नुसतं भाजलं जातं. या प्रकाराला टॉरिफॅक्शन म्हणतात आणि तो 200 ते 300 डिग्रीमध्येच होतो. त्याच्या खूप वर, 400-500 ला गेलं की ते पायरोलिसिस, त्यात लाकडी कोळसा, तेल आणि गॅस निघतो, ते आम्ही करत नाही, कारण साध्या कोळसाभट्टीत 100 किलो सुक्या लाकडातून 25-30 किलोच कोळसा हाती येतो आणि अर्ध्याहून जास्त उष्णता धुरात जाते.

आमच्याकडे 100 किलो सुक्या मालाचे साधारण 70 किलो उरतात, पण उष्णता मात्र 90 टक्क्यांपर्यंत त्यातच राहते. म्हणजे किलोला 4000 किलोकॅलरी देणारा सुका माल भाजल्यावर 5000 च्या आसपास जातो. जे 30 किलो उडतं त्यात उरलंसुरलं पाणी असतं, आंबट वासाचं अॅसेटिक अॅसिड असतं (युनिटजवळ आलात की नाकाला जो आंबूस-जळकट वास येतो तो हाच), कार्बन डायऑक्साइड असतो आणि थोडा जळणारा गॅसही. तो गॅस आम्ही वाया घालवत नाही, परत बर्नरला आणतो आणि त्यावरच ड्रम तापतो. सुरुवातीला तेवढं लाकूड लावावं लागतं. आणि पावसाळ्यात माल ओला आला की तो गॅस पुरत नाही, हेही खरं.

एकदा येऊन हातात घेऊन बघा. कच्चं सोयाबीनचं काडं वाकवलं तर वाकतं, धागे निघतात, मोडत नाही. भाजलेलं चॉकलेटी काडं नुसतं दोन बोटांत दाबलं की टचकन मोडतं, बोटाला काळी पूड लागते. हे असं ठिसूळ होतं कारण झाडाच्या पेशींच्या भिंतीतला हेमिसेल्युलोज नावाचा भाग सगळ्यात आधी तुटतो, आणि पाणी ओढून घेण्याची खोड पण बरीचशी त्याचीच, त्यामुळे भाजलेला माल हवेतली ओल कमी धरतो.

ओलीचा हिशोब कळला तर पैसे वाचतील म्हणून सांगतो. एक किलो पाणी तापवून वाफ करायला साधारण 620 किलोकॅलरी जातात. पावसाळ्यात 20 टक्के ओल असलेलं 100 किलो जळण टाकलं तर त्यातलं 20 किलो पाणी उडवण्यातच सुमारे साडेतीन किलो जळण खर्ची पडतं, वर धूर होतो तो वेगळाच.

आता भावाचं. आमचा माल व्हाइट कोलपेक्षा, म्हणजे न भाजलेल्या साध्या ब्रिकेटपेक्षा, किलोला महाग आहे, आणि किलोवर बघाल तर आम्ही हरणार. पण तुम्ही किलो विकत घेत नाही, उष्णता घेता. हिशोबापुरते आकडे धरा: व्हाइट कोल 7 रुपये आणि 3600 किलोकॅलरी, भाजलेला 9 रुपये आणि 5000. हजार किलोकॅलरीला पहिला पडतो 1 रुपया 94 पैसे आणि दुसरा 1 रुपया 80. उलटही होऊ शकतं, आमचा भाव वाढला किंवा तुमच्याकडे साधा माल स्वस्त आणि कोरडा येत असेल तर बदलू नका, आम्हीच तसं सांगू. फक्त दोघांकडूनही लॅबची स्लिप मागा, जीसीव्ही (किलोला किती उष्णता), ओल आणि राख तिन्ही लिहिलेली.

राखेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोकांना वाटतं भाजलं म्हणजे राख कमी झाली. राख जळत नाही हो, ती तशीच राहते आणि बाकीचं वजन घटल्यामुळे तिचा टक्का वाढतो. 100 किलोत 6 किलो राख होती, आता ती 70 किलोत आहे, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या वर. आपल्याकडच्या दगडी कोळशात 30-40 टक्के राख सर्रास असते त्या मानाने हे काहीच नाही आणि गंधकही फार कमी, पण सोयाबीनच्या राखेत पोटॅशियम असतं, ती जास्त आचेवर वितळते आणि जाळीवर काचेसारखा चिकटा बसतो. एका नमकीनवाल्या ताईंच्या भट्टीत आमच्याच मालाचा असा थर बसला होता, जाळी छिन्नीने खरवडावी लागली, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मोठ्या आचेच्या भट्टीसाठी कुटार कमी आणि पऱ्हाटी जास्त असं मिश्रण देतो. म्हणून ऑर्डर देताना भट्टी कसली आहे ते नक्की सांगा.

पहिल्या दिवशी काय करायचं तर नेहमीपेक्षा कमी माल टाका, तीन चतुर्थांशाने सुरुवात करा, कारण उष्णता जास्त आहे, जुन्या अंदाजाने टाकलात तर कढईतलं तेल जास्त तापेल. खालची हवा थोडी थोडी बदलून बघा, ज्वाला लाकडापेक्षा छोटी दिसेल, घाबरू नका. धूर बराच कमी होतो पण शून्य नाही, आणि बंद खोलीत हे अजिबात पेटवू नका, कोळशाच्या शेगडीसारखाच यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. थंडीत कामगार शेगडी आत घेऊन झोपतात, त्यांना स्वतः सांगा.

साठवण छपराखालीच, जमिनीवर फळ्या टाकून. ओल कमी धरतो म्हणजे पाण्यात चालतो असं नाही, भाजल्यावर माल सहज चिकटत नाही म्हणून आम्ही बांधायला थोडा स्टार्च घालतो आणि तो पाण्यात सुटतो. आणि माल गरम लागला तर उतरवून घेऊ नका. आमच्या पहिल्याच वर्षी घाईत कोमट माल पोत्यात भरला, रात्री चौकीदाराने बोलावलं, एका पोत्याच्या शिवणीतून दोऱ्याएवढा धूर निघत होता, फोडलं तर आत लाल. ताजा भाजलेला माल हवा मिळाली की स्वतःच तापतो. आता 50 डिग्रीच्या खाली आल्याशिवाय कूलरमधून बाहेर काढत नाही, आणि एक दिवस मोकळा ठेवूनच भरतो.

हे सगळं का करतो तर मार्च-एप्रिलमध्ये उज्जैन-देवास रोडने रात्री गेलात तर दोन्ही बाजूंना नरवाई, म्हणजे गहू कापल्यावर शेतात उरलेले खुंट, जळताना दिसते. ती जागेवर जाळण्यापेक्षा कामाला आली पाहिजे असं मनापासून वाटतं. कार्बनचं म्हणाल तर पिकाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला कार्बनच परत जातो, मात्र ट्रॅक्टरचं डिझेल आणि आमची वीज त्यात धरलेली नाही, म्हणून लांबून माल आणत नाही. मोठी वीजकेंद्रंसुद्धा आता कोळशात बायोमासच्या पेलेट मिसळतात, केंद्राच्या 2021 च्या धोरणात भाजलेल्या पेलेटही आहेत.

ट्रायलला दोन पोती न्या, तीन दिवस वापरा, आणि जाळीखालची राख एका डब्यात घेऊन या. ती बघूनच तुमचं मिश्रण ठरवू. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरपासून माल भरपूर असतो, पावसाळ्यासाठी हवा असेल तर मे महिन्यातच सांगून ठेवा.