यकृत नवं, तलफ जुनीच

लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या माणसापुढे पहिलं वर्षभर कुणी ग्लास करत नाही. तोंडाला मास्क, गोळ्यांचा डबा, सतत रक्ततपासण्या आणि बायकोची नजर. धोका वाढतो तो त्यानंतर. अंगावर मांस येतं, माणूस कामाला लागतो, आणि आषाढ सरत आला की मित्रांचा गटारीचा बेत ठरतो. सिंहगडाच्या पायथ्याला कुणाचं तरी फार्महाऊस असतंच. ‘आता तर नवं लिव्हर आहे, एका पेगनं काय होतंय?’

या प्रश्नात एक मोठा घोळ आहे. ऑपरेशनमध्ये बदलतं ते यकृत. व्यसन मुक्कामाला असतं मेंदूत, सुखाची आणि सवयीची नोंद ठेवणाऱ्या भागांत, आणि तिथे सर्जनचा हात पोचत नाही. दारू पोटात गेली की यकृतातली विकरं तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात आणि हे विष पेशींना इजा करतं. इजा होत राहिली की जखमेच्या व्रणासारखे तंतू साचतात, तोच सिरॉसिस. नव्या यकृतातली विकरं दात्याच्या जनुकांप्रमाणे बनतात. आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांकडून येतात, त्यात बायका आणि आया पुष्कळ. म्हणजे नवऱ्यानं घेतलेला पेग बायकोच्या पेशी निस्तरत असतात. संसारात आधीही बहुधा तेच चाललेलं असतं, ते सोडा.

मग असे रुग्ण पुन्हा पितातच का? नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली मांडलेल्या हिशेबात शंभर रुग्णांमागे दर वर्षी साधारण ५ ते ६ जण पुन्हा दारूला शिवलेले दिसले, आणि बेसुमार पिणारे २ ते ३. दारूमुळे यकृत गेलेल्यांचं प्रत्यारोपणानंतरचं पहिल्या काही वर्षांतलं जगण्याचं प्रमाण इतर रुग्णांइतकंच असतं. ‘बेवड्याला लिव्हर म्हणजे वाया’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मात्र जे पुन्हा जोरात पितात, त्यांचं गणित पार बिघडतं. पहिलं यकृत बिघडायला वीस-पंचवीस वर्षं लागली असली, तरी दुसरं पाचेक वर्षांतही सिरॉसिसपर्यंत जाऊ शकतं.

‘आधी सहा महिने दारू बंद, मगच प्रत्यारोपण’ हा दंडक जगभर बराच काळ चालला. त्याला एक अर्थ होता: दारू थांबवल्यावर काहींचं यकृत इतकं सावरतं की ऑपरेशन टळतं. पण दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाकडे सहा महिने नसतात. फ्रान्स-बेल्जियममधल्या डॉक्टरांनी अशा २६ निवडक रुग्णांवर न थांबता प्रत्यारोपण केलं. २०११ साली निकाल आला: सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते, प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत फक्त २३ टक्के. पुढे २६ पैकी तिघं पुन्हा प्यायले, पण तेही जवळजवळ दोन वर्षं किंवा जास्त काळ उलटल्यावर. म्हणून पहिल्या वर्षाच्या शिस्तीवर विसंबून समुपदेशन थांबवणं मला घोडचूक वाटते.

लपवणं हा यातला सर्वांत वाईट भाग. ‘डॉक्टर ओरडतील’ म्हणून माणूस बोलत नाही, आणि यकृताच्या चाचण्या वाढल्या की ही दारू की शरीरानं अवयव नाकारायला सुरुवात केली, असा पेच पडतो. रक्तात फॉस्फॅटिडिलइथॅनॉल नावाचा पदार्थ मोजता येतो. तो फक्त दारूच्या उपस्थितीत तांबड्या पेशींच्या आवरणात तयार होतो आणि दोन ते चार आठवडे मागचं सांगतो. लघवीतली चाचणी फार तर चार-पाच दिवस मागे जाते, आणि सॅनिटायझरच्या अतिवापरानंही ती फसू शकते. घरच्यांनी एक ध्यानात ठेवावं: द्राक्षासव, कुमारी आसव अशा आसवारिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच.

दारू सोडवायची गोळी गुपचूप आमटीत कालवणारी घरंही आहेत. डायसल्फिरम असेल तर ते स्वतःच यकृत निकामी करू शकतं, त्यामुळे ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला तर नकोच नको. तलफ कमी करायला दिलं जाणारं बॅक्लोफेन बरंचसं मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, म्हणून यकृताच्या रुग्णांत त्याचा विचार होतो. पण शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर घ्यायचं टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं, म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

पुणेकरांना या बाबतीत दूर जावं लागत नाही. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मराठी सभा भरतात. तिथे ‘स्लिप झाली’, म्हणजे पुन्हा प्यायलो, असं माणसं चारचौघांत सांगतात आणि कुणी दचकत नाही. प्रत्यारोपणाच्या ओपीडीत मानसोपचारतज्ज्ञ नेमाने बसला आणि हाच सूर लागला, तर बरंच लपवणं थांबेल.

आणि स्लिप झालीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करायचा. ‘प्यायलोय, मग आज औषध नको’ असं म्हणून टॅक्रोलिमसची गोळी मात्र चुकवायची नाही. ती चुकत गेली तर दारूनं यकृत बिघडायच्या आधी शरीरच ते नाकारू शकतं.